पेटीत पाणी, बरणीत पाणी

वाचकाचं पत्र

सप्रेम नमस्कार. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघं ठाणं सोडून संगमेश्वर तालुक्यातल्या सासरच्या गावी राहायला आलो. घराभोवती वीस गुंठे जागा आहे. त्यात दोन फणस, तीन रायवळ आंबे, चार रातांब्यांची, म्हणजे कोकमाची झाडं, आणि आठ गावठी कोंबड्या नि एक कोंबडा. मार्चअखेर यजमानांनी थर्माकोलचं उबवणीचं मशीन मागवलं. घरची आणि शेजारची मिळून तीस अंडी दोन आठवड्यांत जमवली, काही फ्रिजमध्ये होती, काही ओट्यावर. व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे पहिल्या दिवसापासून पाण्याची वाटी भरून ठेवली. पिल्लं निघाली सहा. राहिलेली अंडी फोडली तर अकरा कोरी, चारांत रक्ताचं कडं आणि नऊ अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्लं, पाणचट, सुजल्यासारखी. फार वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे, गेल्या पावसाळ्यात माझ्या लोणच्याला बुरशी आली, फणसपोळी चिकट होऊन वास मारू लागली, आमसुलं पांढरी पडली. यजमानांना बीपी आहे म्हणून मी लोणच्यात मीठ निम्मंच घातलं होतं. सासूबाई म्हणतात, माझ्या हाताला टिकाऊपण नाही. मशीनबद्दलही त्यांचं मत वाईटच. यजमान आता म्हणतात, यंदा फणसाची भाजी शिजवून काचेच्या बाटल्यांत भरू, कुकरमध्ये ठेवून सील करू, परदेशात करतात तसं. आणि आज सकाळपासून दोन कोंबड्या खुडूक बसल्यात. खाली अंडी घालू का? आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची सगळी कामं डोक्यावर आहेत. काय करू?

— एक वाचक

उत्तर

ताई, नमस्कार.

तुम्ही अंडी फोडून आत काय आहे ते पाहिलंत आणि मोजून लिहिलंत, हे फार बरं केलंत. बहुतेक जण नाकाला पदर लावून सगळं उकिरड्यात टाकतात, आणि मग पुढच्या वर्षी पुन्हा तेच. तुमच्या तीस अंड्यांत बहुतेक सगळी उत्तरं आहेत.

पहिल्यांदा ती नऊ पिल्लं. पूर्ण वाढून, पाणचट होऊन आत मेली, म्हणजे अंड्यातलं पाणी पुरेसं उडालं नाही. उबवताना अंडं हळूहळू सुकत जायला हवं. अठराव्या दिवसापर्यंत त्याचं वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी कमी होतं आणि बोथट टोकाकडची हवेची पोकळी तेवढी मोठी होते. पिल्लू कवच फोडायच्या आधी पहिला श्वास घेतं तो त्याच पोकळीत. पोकळी लहान राहिली तर श्वासाला जागा नाही, आणि पिल्लू आतल्या आत गुदमरतं.

व्हिडिओ करणाऱ्याने पाण्याची वाटी सांगितली ती बहुधा कोरड्या हवेच्या प्रदेशासाठी. त्याची चूक नाही. पण तुम्ही कोकणात आहात. बाहेर ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा पेटीत ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास येते. पहिले अठरा दिवस पेटीत ५० ते ५५ लागतात. म्हणजे एप्रिल-मे महिन्यात तुमच्या गावात पेटीला पाण्याची वाटी जवळजवळ नकोच. ती लागते अठराव्या दिवसानंतर, तेव्हा आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची. डिसेंबर-जानेवारीत मात्र कोकणातही हवा कोरडी असते, तेव्हा लहान वाटी सुरुवातीपासून ठेवावी लागेल. सोलापूर-नागपूरकडच्या वाचकांनी माझं हे वाक्य स्वतःला लावून घेऊ नये, तिकडे उन्हाळ्यात पाणी लागतंच.

यजमानांना एक काम द्या, त्यांना ते आवडेल. मशीनच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दहा अंडी एकत्र मोजायची. गावठी अंडी दहा मिळून ४५० ग्रॅम भरली, तर अठराव्या दिवशी ती ३९० ते ४०० च्या दरम्यान यायला हवीत. मधे सातव्या, बाराव्या दिवशी मोजलं की कल कळतो. वजन फारसं उतरत नसेल तर पाणी काढा, भराभर उतरत असेल तर घाला. आर्द्रतामापक खरं बोलतं का तेही घरात तपासता येतं. झाकणाच्या डब्यात बाटलीचं टोपण भरून मीठ घ्यायचं, ते चिखलासारखं होईल इतपत पाणी शिंपडायचं, शेजारी मापक ठेवून डबा घट्ट बंद करायचा. सात-आठ तासांनी काटा ७५ वर यायला हवा. ७० दाखवला तर तुमचं मापक पाच कमी दाखवतं, एवढं लक्षात ठेवायचं. तापमानासाठी मशीनचा सेन्सर आणि तापाचा डिजिटल थर्मामीटर एकाच कोमट पाण्यात धरून पाहा. थर्माकोलच्या स्वस्त पेट्यांत एखाद्या अंशाची गफलत अगदी नेहमीची, आणि एक अंश जास्त हा एक अंश कमीपेक्षा कितीतरी घातक.

आता अकरा कोरी आणि चार रक्ताच्या कड्याची. आठ कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो, तेव्हा निदान तुमच्या घरच्या अंड्यांचा दोष कोंबड्यावर ढकलू नका. शेजारच्यांकडे कोंबडा आहे का, ते मात्र विचारून घ्या. माझा संशय साठवणीवर आहे. अंड्यातला जीव साधारण २० अंशांच्या वर हळूहळू जागा व्हायला लागतो. एप्रिलमधल्या ओट्यावर तेहतीस-चौतीस अंशांत तो अर्धवट वाढतो आणि मरतो. मग बॅटरीच्या उजेडात अंडं कोरंच दिसतं, किंवा थोडं पुढे गेलेलं असेल तर रक्ताचं कडं दिसतं. फ्रिजमधलं अंडं उलट फार थंडीने मरतं. उबवायची अंडी १५ ते १८ अंशांत, निमुळतं टोक खाली करून, फार तर सात दिवस ठेवावीत. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या वर नाहीच. मातीच्या पसरट भांड्यात वाळू भरून ती ओली ठेवायची, वर फडकं आणि त्यावर अंडी, अंधाऱ्या पडवीत, माठाच्या शेजारी. धुवायची नाहीत. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसायची, फारच माखलेलं अंडं आम्लेटला.

वीज जाते त्याची भीती तुम्ही लिहिली नाहीत, पण ती प्रत्येकाला असते म्हणून सांगते. कोंबडीसुद्धा रोज पंधरा-वीस मिनिटं टोपलीतून उठून दाणे टिपून येते. दोन-तीन तास वीज गेली तर झाकण उघडायचं नाही, पेटीवर घोंगडी टाकायची, हवेची भोकं मोकळी ठेवायची, बस. अंडी दिवसातून तीनदा फिरवायची, म्हणजे रात्री दर वेळी तीच बाजू वर राहत नाही. अठराव्या दिवसापासून फिरवणं बंद. पिल्लाने कवचाला चोच मारल्यावर बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागू शकतात. तेवढ्यात दर तासाला झाकण उघडून "बघू तरी" म्हणणारा माणूस प्रत्येक घरात असतो. त्याला बाजारात पाठवा. झाकण उघडलं की दमट हवा निघून जाते आणि आतला पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटतो. निघालेली पिल्लंही घाईने बाहेर काढायची गरज नाही. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस तरी काही न खाता तगतात.

मशीन की कोंबडी, या तुमच्या घरच्या भांडणात मी दोघांनाही अर्धं अर्धं बरोबर ठरवणार. हवा राखणं, अंडी फिरवणं, पिल्लांना दाणा टिपायला आणि घारीची सावली ओळखायला शिकवणं, हे खुडूक कोंबडी कुठल्याही पेटीपेक्षा चांगलं करते. मशीनच्या पिल्लांना पहिला आठवडा ३५ अंशांची ऊब दिव्याने द्यावी लागते आणि पुढे दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी उतरवावी लागते. ते सगळं कोंबडीच्या पंखाखाली फुकट होतं. पण कोंबडीखाली दहा-बाराच अंडी मावतात, आणि ती मनात येईल तेव्हा खुडूक बसते. तेव्हा दोन्ही एकत्र वापरा. कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला बसली त्याच दिवशी मशीनही लावा. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास दोन्हीकडची पिल्लं निघतात. मशीनमधली रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवायची. पिल्लं एका वयाची असली तर सकाळी ती सहसा सगळ्यांना आपलीच समजते.

एका गोष्टीत मात्र सासूबाई पूर्ण बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि ती म्हणजे हंगाम. मी तुमच्या जागी असते तर एप्रिलपासून गणपतीपर्यंत अंडी बसवलीच नसती. आत्ता बसवलेल्या अंड्यांतून पिल्लं निघतात ती मिरगाच्या तोंडावर. ओल्या जमिनीवर रक्ती हगवण लागते, शेकायला ऊन नाही, आणि घरातल्या कुणालाही पिल्लांकडे बघायला वेळ नाही. दसऱ्यानंतर, कार्तिक-मार्गशीर्षात लावा. त्यातही पाचव्या ते सातव्या दिवसाची मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची लस (लासोटा) चुकवू नका. ती डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. कुपी शंभर डोसांची मिळते आणि एकदा विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी पिल्लं आणायची. मानमोडी एका खुराड्यात आली की वाडी रिकामी करून जाते, त्यामुळे यात शेजाऱ्यावर उपकार करण्याचा प्रश्नच नाही.

आता बरण्यांकडे. ताई, हाताचा काही संबंध नाही. मिठाचा आहे. १ किलो कैरीच्या फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं. ते चवीसाठी नाही, बुरशीला आणि जिवाणूंना लागणारं पाणी बांधून ठेवण्यासाठी लागतं. तुम्ही ते निम्मं केलंत, लोणचं उघड्यावर पडल्यासारखंच झालं. बीपीसाठी उपाय आहे तो ताटात: लोणचं पूर्ण मिठाचं घालायचं आणि यजमानांना फोड वाढायची चतकोर. किंवा त्यांच्यापुरतं कमी मिठाचं कैरीचं ताजं लोणचं करून फ्रिजमध्ये ठेवायचं, आठवडाभरात संपवायचं. सासूबाईंना एवढंच विचारा, त्यांच्या बरणीत मीठ कुठल्या वाटीने मोजतात. बहुधा ती वाटी तुमच्यापेक्षा मोठी निघेल, आणि वाद तिथेच मिटेल.

बाकीचं तुम्हाला ठाऊकच असेल. फोडी मिठात मुरवून, सुटलेलं पाणी निथळून घ्यायचं, बरणी धुऊन उन्हात कडकडीत वाळवायची, आत हिंगाची धुरी द्यायची, तेल फोडींच्या वर बोटभर राहायला हवं. चार दिवसांनी फोडी तेल पिऊन वर डोकावतात, तेव्हा गरम करून गार केलेलं तेल पुन्हा घालायचं. हे दुसरं तेल घालायला बहुतेक जण विसरतात. बुरशी आलेलं लोणचं वरचा थर काढून खाऊ नका. सगळं फेका, जड मनाने का होईना.

आमसुलांचं पांढरेपण मात्र कदाचित बुरशी नसेलच. आगळात, म्हणजे रातांब्याच्या खारवलेल्या रसात, पुटं देऊन वाळवलेल्या आमसुलांवर मिठाचे कण वर येतात, आणि ते पाहून अनेक जण चांगला माल टाकून देतात. एक आमसूल वाटीभर पाण्यात टाका. पांढरेपणा विरघळून गेला तर मीठ. लव असेल, कापसासारखे तंतू असतील, कोंदट वास येत असेल तर बुरशी. मग उन्हात घालून उपयोग नाही, तिने सोडलेलं विष उन्हाने जात नाही.

पण ओल आत गेली कशी, हे समजून घ्या, म्हणजे फणसपोळीचंही कळेल. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठच हवेतलं पाणी ओढून पाझरायला लागतं. वर पेटीच्या मापकासाठी सांगितला तोच आकडा. कोकणात जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. त्यामुळे पावसाळ्यात आमसुलाचा मोठा डबा ज्या ज्या वेळी उघडाल, त्या त्या वेळी तो थोडा भिजतो. पाऊस लागायच्या आधी सगळ्याचे लहान लहान घट्ट डबे करा आणि एका वेळी एकच फोडा. वाळवण डब्यात भरण्याआधी एक रात्र काचेच्या कोरड्या बरणीत बंद करून ठेवा. सकाळी काचेवर आतून दव दिसलं तर आणखी एक-दोन उन्हं हवीत. उन्हातून उचलून गरम गरम भरू नका आणि रात्री अंगणात विसरूही नका. दुपारी चारच्या सुमारास सावलीत निवू द्यायचं आणि दिवेलागणीच्या आत डबा बंद. फणसपोळीचा थर पातळ घाला. वरून सुकलेली आणि मधे ओली पोळी जुलैत वास मारते, दुसरं काही कारण नसतं.

कामांचा क्रमही झाडं ठरवतात, आपण नाही. रातांबे आधी, कारण वळवाची एक सर पडली की तयार फळ गळून चिखलात जातं आणि आमसुलांना लागोपाठ पाच-सहा कडक उन्हं लागतात. मग आंबापोळी. कापा फणस शेवटपर्यंत थांबतो. बरक्याची, म्हणजे मऊ गऱ्यांच्या फणसाची साठं (पोळ्या) मात्र पावसाआधीच घालायला हवीत. बिया फेकू नका, रातांब्याच्या बियांचं तेल निघतं आणि फणसाच्या आठळ्या मातीत पुरून पावसाळ्यात भाजीला होतात.

यजमानांच्या बाटल्यांना मात्र माझा साफ नकार आहे. हे सांगताना मी जरा कडक होणार आहे. फणसाची भाजी आंबट नाही. अशा कमी आम्लाच्या पदार्थात, बंद बाटलीत, हवा नसताना बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकतात. त्यांची बीजं पाणी उकळण्याच्या १०० अंशांना मरत नाहीत, ११६ ते १२१ अंशांत ठरावीक वेळ ठेवावी लागतात. परदेशात यासाठी वेगळं मोठं दाबपात्र वापरतात, आणि कुठला पदार्थ, केवढी बाटली, किती मिनिटं, हे प्रयोगशाळेत तपासून छापलेलं असतं. आपला डाळ-भाताचा कुकर भराभर तापतो, भराभर निवतो. त्यात बाटलीच्या मध्यापर्यंत उष्णता किती वेळ पोचली हे कुणी मोजलेलं नाही. बिघडलेल्या बाटलीला वास येईलच, झाकण फुगेलच असंही नाही. लसूण तेलात बुडवून महिनोन् महिने ओट्यावर ठेवायची नवी टूम आहे, तीही याच कारणाने नको. लोणच्यातल्या लसणीला मीठ आणि आंबटपणा राखतो, नुसत्या तेलातल्या लसणीला कोणी राखत नाही.

बाटल्या आणल्याच असतील तर त्यांत आगळ भरा. रातांबा इतका आंबट की तिथे हा धोका नाही, मीठ भरपूर घातलं की आगळ वर्षभर टिकतं. फणसाला जुना रस्ता आहेच: कच्चे गरे मिठात. १ किलोला पाव किलोच्या खाली मीठ नको, वर दगडाचं वजन, गरे खाराच्या खाली बुडलेले. भाजी करताना दोन-तीनदा पाण्यात भिजवून खारटपणा काढायचा. त्याची चव ताज्या भाजीसारखी लागत नाही, ती वेगळीच लागते. मला ताज्यापेक्षा तीच आवडते, पण हा माझा प्रश्न.

आणि ते खारपाणी, खारातल्या सालीं-देठांसह, परसात ओतू नका. कोंबड्या येता-जाता त्यात चोच घालतात आणि मीठ त्यांना सोसत नाही, लहान पिल्लांना तर थोडंसंही घातक ठरतं. बुरशी आलेलं वाळवण किंवा दाणेही "निदान कोंबड्या तरी खातील" म्हणून टाकायचे नाहीत. बुरशीचं विष त्यांच्या यकृतालाही बाधतं. खड्डा करून पुरा. मीठ न लागलेल्या आंब्याच्या साली आणि कोयी खुशाल द्या.

राहिल्या त्या दोन खुडूक कोंबड्या. एकीला खुडूकातून उठवा. नाकात पीस खुपसणं, पाण्यात बुचकळणं हे गावोगाव करतात, ते करू नका. तळाला जाळी असलेल्या, हवा खेळत्या पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. पोटाखाली गारवा लागला की ती बसणं सोडते, पुढे काही दिवसांत अंडी घालू लागते. दुसरी, म्हणजे दोघींतली जी आधी पिल्लं वाढवलेली जुनी असेल ती, सासूबाईंचा फारच आग्रह असेल तर बसवा. आठच अंडी, तीन दिवसांच्या आतली, पडवीच्या सर्वांत थंड कोपऱ्यात. टोपलीत राख आणि निरगुडीचा पाला घाला म्हणजे उवा-पिसवा कमी होतील. सासूबाई आत खिळा आणि कोळसा ठेवतील, गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. ठेवू द्या. सातव्या रात्री यजमानांना बॅटरी घेऊन बोलवा, कोरी अंडी बाजूला काढायला. मात्र हे सगळं या आठवड्यातच होणार असेल तर. २० मे उलटली असेल तर त्या कोंबडीलाही पिंजऱ्यात घाला आणि तुम्ही रातांबे फोडायला बसा.